पट्टी अटॅकची, आजार साखरेचा: मधुमेहाच्या इमर्जन्सीत ईसीजी फसवतो तेव्हा काय करायचं

मे महिन्याचा शेवट, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. दुपारी अडीचच्या सुमाराला नागपूरच्या उमरेड रोडकडून एक ऑटो थेट कॅज्युअल्टीच्या दाराशी येऊन थांबला. आत बावीस वर्षांचा मुलगा, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. जीभ कोरडी ठणठणीत, डोळे आत गेलेले, श्वास खोल आणि भराभर. कुठे दुखतं विचारलं तर त्याने हात छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या खळग्यावर ठेवला. ईसीजी काढला. पट्टी मशीनमधून सरकत बाहेर आली आणि व्ही-१, व्ही-२, व्ही-३ या छातीवरच्या लीडमध्ये एसटी, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरचा सपाट भाग, अटॅकमध्ये चढतो तसा तीन-तीन छोटे चौकोन वर चढलेला दिसला. माझा हात फोनकडे गेला. कॅथलॅबला (जिथे बंद धमनी उघडतात) फोन लावणार, तेवढ्यात बोटातून रक्ताचा थेंब घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “सर, मशीनवर आकडाच येत नाही. नुसतं ‘हाय’ दाखवतंय.”

बरेचसे ग्लुकोमीटर ६०० च्या वर आकडा दाखवत नाहीत, ‘हाय’ लिहून मोकळे होतात. सोबत आलेल्या मामांना विचारलं, इन्सुलिन कधी घेतलं होतं? ते म्हणाले, “डॉक्टर साहेब, तीन दिवस झाले, याच्या पोटात दाणा नाही टिकला. खाल्लंच नाही, मंग सुई कायले टोचाची?”

आई फक्त एकच विचारत होती, “माह्या पोराले अटॅक आला का?”

नव्हता आला. ब्लड गॅस या रक्ततपासणीत पीएच (आकडा जितका कमी तितकं रक्तात आम्ल जास्त) ७.०२ आणि पोटॅशियम ७.४ निघालं. कॅल्शियम, सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं, आणि अडीच तासांनी काढलेल्या दुसऱ्या पट्टीत एसटी जागेवर होता. त्या दुपारी सिस्टरांचा हात ग्लुकोमीटरकडे आधी गेला नसता, तर मी त्या मुलाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याच्या तयारीला लागलो असतो. हे मनातून जात नाही, म्हणून हा लेख. छोट्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणारे नवे डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी तो आहेच, पण ज्यांच्या घरात इन्सुलिन घेणारं माणूस आहे त्यांनीही वाचावा. इथले औषधांचे डोस मोठ्या माणसांचे आणि हॉस्पिटलात मॉनिटर लावून द्यायचे आहेत. लहान मुलांचा हिशोब वेगळा असतो. घरी यातलं काहीही करून पाहू नका.

साखर वाढली तर हृदयाची पट्टी का बदलते

शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. लिटरमागे मिलीइक्विव्हॅलंट या मापात आत साधारण १४०, बाहेर रक्तात ३.५ ते ५. या फरकावरच हृदयाच्या स्नायूची वीज चालते. पोटॅशियमला आत ढकलणाऱ्या कामगारांपैकी इन्सुलिन हा मोठा. इन्सुलिन संपलं की पोटॅशियम बाहेरच राहतं. त्यात घट्ट, साखरेने भरलेलं रक्त पेशींमधलं पाणी ओढून घेतं आणि पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर येतं. रक्तात आम्ल साठतं, शरीर सुकतं, मूत्रपिंडं लघवीवाटे पोटॅशियम फेकायची तीही मंदावतात. या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. वॉर्डात सगळे डीकेए म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बाहेर पोटॅशियम फार झालं की हृदयाचे स्नायू नीट ‘चार्ज’ होत नाहीत, आणि सगळा स्नायू सारखा बिघडत नाही. काही भाग जास्त, काही कमी. शेजारच्या दोन भागांत असा फरक पडला की त्यांच्यात करंट वाहतो, आणि कागदावर तो एसटी वर चढल्यासारखा दिसतो. अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटल्यामुळे जे चित्र उमटतं, तेच इथे क्षारांमुळे उमटतं. धमनी मात्र मोकळी असते. हे आजचं ज्ञान नाही. १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पोटॅशियम वाढलेल्या रुग्णांमध्ये अटॅकसारखी पट्टी आणि डायलिसिसनंतर तिचं सरळ होणं लिहून ठेवलं होतं. पोटॅशियम फारसं वाढलेलं नसतानाही, नुसत्या तीव्र आम्लतेत असं चित्र दिसल्याच्या नोंदी आहेत, म्हणून पोटॅशियम साडेपाच आलं तरी शंका लगेच सोडू नये.

पहिली दहा मिनिटं

छातीत दुखणं, धाप, उलट्या, घाम किंवा ग्लानी घेऊन कोणीही आलं तर दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. हे सगळ्यांना पाठ असतं. माझं सांगणं इतकंच की ईसीजीचे चिकट तुकडे छातीवर लागत असतानाच दुसऱ्या हाताने बोटातून साखर तपासा. रुग्ण मधुमेही आहे की नाही हे विचारत बसू नका. पहिल्यांदाच मधुमेह कळतो तो थेट डीकेएमध्ये, असं तरुण मुलांच्या बाबतीत आपण पाहतो.

मग नाक आणि डोळे वापरा. तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो का? श्वास खोल, दमदार आणि सतत आहे का? अटॅकच्या रुग्णाच्या फुफ्फुसात पाणी भरलं तर श्वास उथळ आणि घरघरता होतो, रुग्णाला आडवं पडवत नाही. डीकेएचा रुग्ण आडवा पडून खोल श्वास घेत राहतो आणि स्टेथोस्कोपला छाती साफ लागते. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

शिरेत सुई घालतानाच रक्त घ्या: ब्लड गॅस, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला का ते सांगणारं), कीटोन (इन्सुलिनअभावी तयार होणारं आम्ल). ब्लड गॅस मशीन असेल तर पोटॅशियम काही मिनिटांत हातात येतं. मशीन नसेल तर लॅबवाल्या भाऊंना फोन करून ‘पोटॅशियम आधी’ असं तोंडी सांगा, नुसत्या फॉर्मवर विसंबू नका. दंडाला पट्टा फार वेळ आवळून, बारीक सुईने ओढलेल्या नमुन्यात रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. तसा शेरा आला तर नमुना पुन्हा पाठवा, पण पट्टीवर बदल स्पष्ट असतील तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहत उपचार अडवू नका.

एक गोष्ट अलीकडे वाढली आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा, शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या आता स्वस्त झाल्या आणि गल्लोगल्लीच्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायद्याचं आहे. पण या गोळ्या घेणाऱ्याला डीकेए झाला तर साखर १८० सुद्धा असू शकते, कारण जास्तीची साखर लघवीवाटे निघून जाते. म्हणून ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसला तरी श्वास खोल आणि उलट्या असतील तर कीटोन आणि पीएच बघायचेच. घरच्यांना सांगा, “गोळ्यांची पिशवी दाखवा.” नाव आठवत नसतं, पिशवी बरोबर असते.

पट्टी हातात आली, आता बघायचं काय

आधी पट्टीच्या टोकाची चौकट बघा, ती दहा छोटे चौकोन उंच आहे ना. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर हवा. मशीनची सेटिंग बदललेली असेल तर पुढचं सगळं वाचन चुकतं.

मग एसटीकडे न जाता टी वेव्हकडे, म्हणजे एसटीनंतर येणाऱ्या लाटेकडे, जा. पोटॅशियमची टी वेव्ह उंच, दोन्ही बाजूंनी सारखी आणि बुडाशी अरुंद असते, कॅम्पिंगच्या तंबूसारखी टोकदार. बोट ठेवलं तर टोचेल असं वाटतं. अटॅकच्या अगदी सुरुवातीची टी वेव्हही उंच असते, पण ती बुडाशी रुंद आणि फुगीर असते, टेकडीसारखी.

नंतर पी वेव्ह, म्हणजे ठोक्याआधीची छोटी लाट, शोधा. ती चपटी झाली आहे की दिसतच नाही? पीआर, म्हणजे पी पासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर, लांबलाय का? आणि क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा मधला टोकदार भाग, मोजा. एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन चौकोनांहून रुंद क्यूआरएस, पी वेव्ह गायब आणि वर चढलेला एसटी हे तिन्ही एकत्र दिसले तर पोटॅशियमचा विचार पहिला करा. क्यूआरएस रुंद होत होत टी वेव्हमध्ये मिसळला आणि पट्टी नुसती लाटेसारखी दिसू लागली, तर हृदय थांबायच्या बेतात आहे. तिथे एकही मिनिट हातचं नाही.

एसटी कुठे वर आहे हेही बघा. पोटॅशियममुळे चढलेला एसटी बहुतेकदा व्ही-१, व्ही-२ मध्ये, कधी व्ही-३ पर्यंत दिसतो आणि वरून खाली उतरत्या उतारासारखा असतो. अटॅकमध्ये एसटी एका धमनीच्या हद्दीत वर जातो आणि समोरच्या लीडमध्ये तेवढाच खाली दबतो. हे समोरचं दबणं नसेल तर शंका बळावते. पण नुसत्या या एका खुणेवर निर्णय बांधू नका, पोटॅशियमच्या पट्टीतही समोरचं दबणं कधीकधी दिसतं.

फोटो पाठवताना सोबत काय लिहायचं

नागपूरच्या आसपास, काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक कुठेही असा, आज पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर हृदयरोगतज्ज्ञांना जातो आणि दोन मिनिटांत उत्तर येतं. ही मोठी सोय आहे. पण फोटो एकटा गेला तर तज्ज्ञांना दिसतो फक्त वर चढलेला एसटी, आणि ते म्हणतात “लाईस करा” (म्हणजे गुठळी विरघळवा) किंवा “लगेच पाठवा”. चूक त्यांची नसते, त्यांच्यापर्यंत अर्धीच माहिती पोचलेली असते. म्हणून फोटोखाली हे लिहा:

“२२ वर्षे, पुरुष, टाईप १ मधुमेह. इन्सुलिन तीन दिवस बंद. साखर मशीनवर हाय. श्वास ३४, खोल. बीपी ९०/६०. छातीत दुखणं नाही, पोटात दुखतं. पोटॅशियम ७.४, पीएच ७.०२. कॅल्शियम देतोय, दहा मिनिटांनी दुसरी पट्टी पाठवतो.”

इतकं लिहायला एक मिनिट लागतं आणि पलीकडचं उत्तर बदलतं. पोटॅशियम अजून आलं नसेल तर ‘पोटॅशियम बाकी’ हे दोन शब्द तरी लिहा.

उपचार, क्रमाने

पट्टीवर पोटॅशियमच्या खुणा असतील तर सगळ्यात आधी कॅल्शियम. १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, चांगल्या शिरेतून, साधारण पाच मिनिटांत, नजर मॉनिटरवर ठेवून. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, त्यामुळे सुई पक्की आहे याची खात्री करा. ज्या नळीतून सोडाबायकार्ब (आम्ल मारणारं औषध) जातोय त्याच नळीतून कॅल्शियम देऊ नका, दोन्ही मिळून खडूसारखा साका होतो. परिणाम दोन-तीन मिनिटांत दिसू लागतो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी काढा. क्यूआरएस रुंदच असेल तर तोच डोस परत द्या. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला फक्त अर्ध्या-पाऊण तासासाठी आवरून धरतं. क्यूआरएस लवकर सुधारतो, एसटी मात्र पोटॅशियम खरोखर उतरेपर्यंत वर राहू शकतो, म्हणून पहिल्या डोसने एसटी हलला नाही याचा अर्थ ‘अटॅकच आहे’ असा लावू नका.

सलाईन लगेच सुरू करा. हृदय आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर पहिल्या तासात साधारण एक लिटर साधं सलाईन. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर हात आखडता घ्या आणि वारंवार छाती ऐका.

इन्सुलिन हे इथलं खरं औषध, कारण ते पोटॅशियम आत ढकलतं, साखर उतरवतं आणि आम्ल तयार होणंही थांबवतं. साधं रेग्युलर इन्सुलिन, किलोमागे तासाला ०.१ युनिट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला तासाला ५ युनिट, सिरिंज पंपातून. पोटॅशियम वाढल्यावर २५ टक्के ग्लुकोजसोबत १० युनिट द्यायची जी ठरलेली पद्धत आहे, ती इथे जशीच्या तशी उचलू नका. साखर पाचशे-सहाशे असताना वरून ग्लुकोज कशाला? आणि पोटॅशियम माहीत नसताना, पट्टीवर खूणही नसताना इन्सुलिन सुरू करू नका. काही डीकेएच्या रुग्णांचं पोटॅशियम आल्यापासूनच ३.५ च्या खाली असतं. त्यांना आधी पोटॅशियम द्यावं लागतं आणि नंतर इन्सुलिन.

बायकार्बची घाई बहुतेकांना होते. पीएच ७.० च्या खाली असेल तरच त्याचा विचार करतात.

आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन? या चित्रात, पोटॅशियम हातात येईपर्यंत नाही. धमनी मोकळी असेल तर फायदा शून्य आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका पूर्ण. डीकेएमध्ये सारख्या उलट्या होऊन जठर सोलवटतं आणि कधी कॉफीच्या गाळासारखी उलटी होते. अशा पोटावर हे इंजेक्शन दिलं तर काय होईल हे सांगायला नको.

पण खरा अटॅक असला तर?

हा प्रश्न मी स्वतःला प्रत्येक वेळी विचारतो, तुम्हीही विचारा. अटॅकमुळेच डीकेए सुरू होऊ शकतो, आणि जुन्या मधुमेहींना अटॅकचं दुखणं जाणवत नाही, हेही तितकंच खरं. बावीस वर्षांचा मुलगा आणि अठ्ठावन्न वर्षांचे, वीस वर्षं मधुमेह आणि बीपी असलेले काका या दोघांना एकाच मापाने तोलू नका.

काकांच्या बाबतीत मी इकडे कॅल्शियम-इन्सुलिन सुरू करतो आणि तिकडे हृदयरोगतज्ज्ञांना बोलावतो, दोन्ही एकाच वेळी. पलंगाशेजारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मिळाला तर उत्तमच: हृदयाचा एखादा भाग हलत नसेल तर अटॅकचं पारडं जड, सगळ्या भिंती नीट हलत असतील तर हलकं. ट्रोपोनिन एकदा करून थांबू नका, काही तासांनी पुन्हा करा. तीव्र डीकेएमध्ये अटॅक नसतानाही ट्रोपोनिन थोडं वाढलेलं येतं, म्हणून एका आकड्यापेक्षा तो किती आणि कसा चढतो हे महत्त्वाचं. पोटॅशियम साडेपाचच्या खाली आलं, आम्लता उतरू लागली आणि तरी एसटी तिथेच असेल, किंवा छातीत दुखणं वाढत असेल, दुसऱ्या लीडमध्ये बदल पसरत असतील, तर आता ही पट्टी अटॅकची धरा आणि ॲन्जिओग्राफीकडे चला. पोटॅशियम साधारणच आलं आणि पट्टी ठळक अटॅकची असेल तर तासभर थांबायचंही कारण नाही.

रात्री आठनंतरचा उलटा धोका

दुपारी ७.४ असलेलं पोटॅशियम रात्री ३ च्या खाली जाऊ शकतं. कारण रक्तात ते भरपूर दिसत असलं तरी शरीरातला एकूण साठा लघवी आणि उलट्यांवाटे आटलेला असतो. तूट किलोमागे ३ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसात दीडशे ते अडीचशे. इन्सुलिनने उरलंसुरलं आत ओढलं की रक्तातला आकडा कोसळतो. मग टी वेव्ह चपटी होते, एसटी खाली दबतो, टीच्या मागे एक छोटी यू लाट उगवते. रात्रपाळीला नवीन आलेला डॉक्टर ही पट्टी बघून म्हणतो, हृदयाला रक्त कमी पडतंय. तेव्हा पट्टीसोबत दुपारचे आणि आत्ताचे पोटॅशियमचे आकडे एका कागदावर लिहून पलंगाला लावा. ड्यूटी बदलताना तोंडी सांगण्यावर ठेवू नका.

सुरुवातीला दर दोन तासांनी पोटॅशियम बघायचं. ते ५ च्या खाली आलं आणि लघवी होत असेल तर प्रत्येक लिटर सलाईनमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराईड घाला. आपल्याकडची नेहमीची १० मिलिची अँप्यूल म्हणजे नेमके तेवढेच. ती थेट शिरेत कधीही, कोणत्याही परिस्थितीत ढकलायची नाही, हृदय जागेवर थांबतं. साखर २५० च्या खाली आली तर इन्सुलिन बंद करू नका, सलाईनला ग्लुकोजची जोड द्या. आम्ल गेलेलं नसताना नुसत्या साखरेवर खूश होऊन पंप बंद केला की रुग्ण पहाटे पुन्हा तिथेच येतो.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं

मामांचा तो प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त त्याचं उत्तर त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. जेवलं नाही तरी यकृत साखर तयार करत राहतं आणि आजारपणात जास्तच करतं. म्हणून टाईप १ मधुमेहात उलट्या, ताप, उपास काहीही असो, लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. जेवणाआधीचा डोस किती करायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा. दर तीन-चार तासांनी साखर बघा, लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या घरात ठेवा, घोटघोट पाणी देत राहा. ‘ग्लिफ्लोझिन’ची गोळी मात्र अशा दिवसांत थांबवायची असते, तेही डॉक्टरांना विचारून.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि उलट्या-जुलाब झालेल्याला आपण प्रेमाने नारळपाणी पाजत राहतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मधुमेहाने मूत्रपिंड अशक्त झालेल्या किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

खोल श्वास, ग्लानी, सतत उलट्या, छातीत किंवा पोटात दुखणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. निघताना इन्सुलिनचं पेन किंवा बाटली, गोळ्यांची पिशवी आणि जुना ईसीजी घ्या, आणि दाराशीच सांगा: मधुमेह आहे, शेवटचं इन्सुलिन अमुक दिवशी घेतलं. जुनी पट्टी शेजारी ठेवली की नवीन काय आणि जुनं काय हे बघताक्षणी कळतं.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या. पहिल्या तासात कोणीतरी ‘अटॅक’ लिहिलेलं असतं आणि ते तसंच पुढे उतरतं. मग बावीस वर्षांचा मुलगा वर्षभर रक्त पातळ करायच्या गोळ्या खात राहतो आणि नोकरीच्या मेडिकलमध्ये अडकतो. कार्डावर स्पष्ट लिहून मागा: डीकेए आणि पोटॅशियम वाढल्यामुळे झालेले ईसीजीतले बदल, उपचारानंतर पूर्ववत. त्या मुलाच्या फाईलला मी दोन्ही पट्ट्या जोडल्या, दुपारची आणि अडीच तासांनंतरची, वर वेळ आणि पोटॅशियमचा आकडा लिहून. मग आईला सांगितलं, समोरच्या दुकानातून यांची झेरॉक्स काढून घ्या. ईसीजीचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने पुसट होत जातो, आणि आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांनंतर लोखंडी कपाटातून काढला तर त्यावर काहीच दिसत नाही.